शेळवलीची कॅसेट

मिरज. मंगळवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. सलीमचाचांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान.

“साफ केलीस म्हणजे काय केलंस?” चाचांनी विचारलं.

हेमांगीला प्रश्नच बाळबोध वाटला. शाळेच्या सुट्टीत याच बाकावर ती सोल्डरिंग शिकली होती. पण आता ती पुण्याची इंजिनियर होती आणि चाचा अजून जुने रेडिओच उघडून बसले होते.

“कॅसेट लॅपटॉपवर उतरवली. नुसती खरखर नि किंचाळी हो! उतरवतानाच प्रोग्राम लावून सगळी काढून टाकली. आता ऐका, कसा मऊ आवाज आलाय.”

“आणि यादी?”

“...यादी येत नाही.”

कॅसेट तिच्या वडिलांची. अठ्ठ्याऐंशी साली, शेळवली गाव धरणात बुडायच्या आधी, ते, म्हणजे सनगर गुरुजी, घरोघर फिरले होते. टीव्हीला जोडायच्या छोट्या कॉम्प्युटरवर त्यांनी घरांची यादी केली. त्या कॉम्प्युटरवर लिहिलेलं साध्या कॅसेटवर आवाज होऊन साठायचं. कॉम्प्युटर भंगारात गेला. गुरुजीही गेले. कॅसेट राहिली.

दुकानाच्या पायरीवर हौसाबाई गुरव बसल्या होत्या. सरकारी यादीत त्यांचं घर नव्हतं, म्हणून धरणग्रस्तांची जमीन मिळाली नव्हती. उद्या सुनावणी होती. “जुनी यादी आम्ही फक्त साफ केली,” एवढंच उत्तर कचेरीतून मिळालं होतं.

चाचांनी कॅसेट उजेडात धरली.

“फीत विरलीये. अजून एकदा चालेल. दोनदा... अल्ला जाणे.”

“मग माझाच प्रोग्राम पुन्हा नीट लावते.”

“तो बंद कर.”

“पण चाचा, खरखर...”

चाचांनी जुना टेपरेकॉर्डर ओढला, वायर लॅपटॉपला जोडली आणि आवाजाची धार वाढवायचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

दुकानभर किंचाळी उठली.

“अगं बाई, कुणाला कापताय का काय!” हौसाबाई पायरीवरून ओरडल्या.

हेमांगीने कानांवर हात ठेवले. चाचांनी ते धरून खाली आणले.

“ऐक. तुझा बाप बोलतोय.”

ती ऐकत राहिली.

...

चार मिनिटांनी किंचाळी थांबली. आवाजाची अक्षरं करणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामने लॅपटॉपवर नावं उतरवली होती. पहिलं घर, दुसरं घर... एका ओळीवर तिचं बोट थांबलं. हौसाबाई गुरव, देवळामागे, दोन खण.

“मावशी, सापडलात.”

“मी कुठं हरवले होते?” हौसाबाई हसल्या आणि पदराने तोंड पुसत आत आल्या. त्यांनी ते नाव पुन्हा वाचून घेतलं. मग आणखी एकदा.

हेमांगी शेवटच्या ओळीपर्यंत गेली. दोनशे चौदा घरं. सरकारी यादीत दोनशे नऊ.

“मी घाण समजून पुसत होते, तीच यादी होती,” ती म्हणाली. “चुकलं माझं, चाचा.”

चाचांनी तीन कपांत चहा ओतला. एक हौसाबाईंना दिला, एक तिच्यापुढे सरकवला.

“तू कबूल तरी केलंस, पोरी. ती पाच घरं कुणी साफ केली?”