जुन्या लगामांची दोरी

एका राजाच्या पदरी एक सारथी होता. त्याचा रथ म्हणजे वारा! राज्यात त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट दुसऱ्या कुणी सांगायची वाट तो पाहत नसे, स्वतःच सांगे. राजाने त्याला मोत्यांचा तुरा दिला होता. तुरा पागोट्यात खोवून तो इतका ताठ चाले, की मान वळवायची झाली तर अख्खा माणूसच वळे.

त्या राज्यातल्या सारथ्यांची एक रीत होती. गाव आलं की शिंग फुंकायचं. शिंग ऐकलं की रस्त्यावरच्यांनी बाजूला व्हायचं. आणि शिंग फुंकल्यावर ज्याने लगाम ओढला, त्याचं नाक कापलं गेलं म्हणून समजा. आपल्या सारथ्यावर ती पाळी जन्मात कधी आली नव्हती.

सारथ्याचं घर राजरस्त्यालगतच्या गावात होतं. घरं रस्त्याच्या अल्याड आणि शाळा पल्याड. पोरं रोज जीव मुठीत धरून रस्ता ओलांडत. एकदा एका रथाची धडक बसून सोनाराच्या पोराचा पाय मोडला. सारं गाव गोळा झालं आणि म्हणालं काय? "शिंग ऐकू आलं नाही का रे? कान फुटले होते का तुझे?" म्हणजे पाय मोडला त्याचाच आणि बोलणीही खाल्ली त्यानेच. रथवाल्याला कुणी चकार शब्द विचारला नाही.

सारथ्याच्या मुलीला मात्र हे फार लागलं. ती शाळेतली सगळ्यात मोठी मुलगी. तिने घरातले लगामांचे जुने चामडी पट्टे बापाकडून मागून घेतले, एकाला एक जोडून लांब दोरी केली आणि दर हातावर एक जाड गाठ मारली. दर पोराला एक गाठ. शिवाय एक मोकळी, वाटेत कुणी जास्तीचं भेटलं तर असावी म्हणून. सारथ्याला हसू आवरेना.

"अगं, घोड्यांचे लगाम पोरांना लावतेस होय?"

"तुमच्या घोड्यांना ते लागत नाहीत ना बाबा, मग आम्हालाच लावते," मुलगी म्हणाली.

सारथी हसायचा थांबला, पण ते तेवढ्यापुरतंच.

दोरीचा नियम सोपा होता. रस्त्यात गाठ सोडायची नाही आणि सगळ्यात धाकटं पोर निघाल्याशिवाय दोरी हलवायची नाही. सगळ्यांच्या मागे, दोरीच्या टोकाला, सारथ्याची मुलगी.

पुढे एक दिवस राजाला नव्या धरणाची पहिली शिळा बसवायला जायचं होतं. निघायला उशीर झाला. राजा रथात बसता बसता म्हणाला, "मुहूर्त गाठलास तर दुसरा तुरा देईन. चुकवलास तर आहे तोही काढून घेईन."

"महाराज, बसल्या जागी डोळे मिटा, उघडाल तेव्हा धरण समोर असेल," सारथी म्हणाला आणि त्याने घोडे सोडले.

त्याचं स्वतःचं गाव आलं. त्याने शिंग फुंकलं. माणसं बाजूला झाली, कोंबड्या उडाल्या, आणि पाहतो तर काय, ऐन रस्त्यात पोरांची दोरी! कुंभाराच्या धाकटीची पाटी पडून फुटली होती आणि ती भोकाड पसरून तुकडे वेचत बसली होती. पोरांनी दोरी तिथेच थांबवली होती.

सारथ्याने पुन्हा शिंग फुंकलं. कडेची माणसं ओरडली, "सोडा ती दोरी! पळा!" पोरांचे चेहरे पांढरेफटक पडले, पण एकानेही गाठ सोडली नाही. पळाली असती तर मोठी पोरं वाचली असती आणि धाकटी एकटी रस्त्यात उरली असती.

दोरीच्या शेवटच्या टोकापलीकडे रथापुरती फट होती. याहून अरुंद जागेतून त्याने रथ काढला होता. मागून राजा ओरडला, "जातोयस ना रे?" फटीच्या कडेला, एक हात वर करून, त्याचीच लेक उभी होती. तिने डोळेसुद्धा मिटले नव्हते. रथावर कोण आहे ते तिने ओळखलं होतं आणि बाबा थांबणार याची तिला खात्री होती.

सारथ्याने सगळं बळ एकवटून लगाम ओढला.

घोडे दोन पायांवर उभे राहिले. राजा पुढे आपटला आणि त्याचा मुकुट धुळीत गडगडत गेला.

"रथ कुणी थांबवला?" राजा गरजला.

सारथी खाली उतरला. "मी थांबवला, महाराज."

"शिंग फुंकल्यावर?"

"शिंग फुंकल्यावर." आणि त्याने स्वतःच्या हाताने तुरा काढून पुढे धरला.

राजाने तुरा घेतला आणि तो मुलीकडे वळला. "काय गं, तुला शिंग ऐकू आलं नाही?"

"आलं, महाराज. आम्हाला शिंग ऐकू येतं. पण शिंग फुंकणाऱ्याला आम्ही कसे ऐकू येणार? म्हणून हात वर केला."

तेवढ्यात कुंभाराच्या धाकटीने नाक पुसलं, तुकडे ओच्यात घेतले, आपली गाठ धरली आणि राजाला आपादमस्तक न्याहाळलं.

"तुमची गाठ कुठंय?"

"माझी?"

"रस्त्यात बिनगाठीचं उभं राहायचं नाही." तिने मोकळी गाठ त्याच्या हातात दिली. "घट्ट धरा हं."

राजाने गाठ धरली. धाकटी निघाली, मग दोरी हलली, आणि एवढा मोठा राजा तिच्या इवल्याशा पावलांच्या चालीने रस्ता ओलांडून गेला.

मुहूर्त टळला तो टळलाच. शिळा पुढच्या मुहूर्तावर बसली आणि त्याने धरणाचं काही बिघडलं नाही. राज्यात मात्र दवंडी पिटली गेली, की शाळेच्या वाटेवर शिंग फुंकू नका, लगाम ओढा. तुरा राजाने परत दिला नाही. शब्द म्हणजे शब्द.

सारथी आता बिनतुऱ्याचं पागोटं घालून हिंडे. कुणी परगावचा खोचकपणे विचारी, "का हो, तुमचा रथ म्हणे कुणाच्या बापाला अडवता येत नव्हता?"

"बापाला नाहीच अडवता आला," सारथी छाती फुगवून सांगे. "लेकीने अडवला. माझ्या लेकीने!"

आणि तो पूर्वीपेक्षाही ताठ मानेने चालू लागे.

तात्पर्य: ज्याच्या हाती लगाम, थांबायचं त्यानेच, आणि वाट ओलांडायची ती सगळ्यात धाकट्याच्या चालीने.