टाचेला बांधलेले घुंगरू

एकदा एका व्यापाऱ्याने हौसेने एक तरुण घोडा घेतला आणि घरी आणल्या दिवसापासूनच तो पस्तावला. घोडा देखणा, अंगाने भरलेला, पण आळशी असा की पाठीवर खोगीर चढले की जागचा हलायचा नाही. व्यापाऱ्याने त्याचे नाव ठेवले होते पवन. नोकरमाणसे त्याला धोंडोपंत म्हणत. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरे काय!

त्या गावात एक वृद्ध चाबुकस्वार राहत असे. घोड्याला स्वारीचे वळण लावणाऱ्याला चाबुकस्वार म्हणतात. या वृद्धाचा चाबूक मात्र कित्येक वर्षे खुंटीवरच होता. पोळा सरल्यावर व्यापाऱ्याने घोडा त्याच्या दारात आणून बांधला.

"वस्ताद, दसऱ्याला याच्यावर बसून मला सीमोल्लंघनाला जायचं आहे," तो म्हणाला. "तोवर सुधारला तर माझा. नाही सुधारला तर चुन्याच्या भट्टीवर दगड वाहायला देऊन टाकतो. आळस कसा उतरवायचा ते त्या लोकांना बरोबर ठाऊक आहे."

वृद्धाने मान डोलावली आणि लगाम आपल्या शिष्याच्या हाती दिला. स्वतःच्या जबाबदारीवर मिळालेला शिष्याचा हा पहिलाच घोडा. भट्टीवरची जनावरे त्याने पाहिली होती. त्यांच्या सोललेल्या पाठी आठवल्या की त्याला अन्न गोड लागत नसे. त्यात पवनने पहिल्याच दिवशी आपले जड डोके त्याच्या खांद्यावर टेकले आणि डोळे मिटून घेतले. शिष्याचा जीव तिथेच गुंतला. काही झाले तरी याला भट्टीवर जाऊ द्यायचे नाही, असे त्याने मनाशी ठरवले.

"त्याच्याशी फार बोलू नकोस," एवढेच वृद्धाने सांगितले आणि तो लिंबाखाली बाजेवर जाऊन बसला.

शिष्य आज्ञाधारक होता. त्याने तोंडातून अवाक्षर काढले नाही. रोज सकाळी खोगीर कसायचे, रिकिबीत पाय घालायचे आणि मैदानाला फेरी मारायची. पवन चार पावले टाकी आणि थांबे. मग दोन टाकी आणि थांबे. पुढे पुढे तर मान खाली घालून असा उभा राही की माशी बसली तरी कातडी हलवीत नसे. इकडे व्यापारी येता-जाता डोकावे. "झालं का? अजून नाही? कधी होणार?" लिंबाखालचा वृद्ध मात्र काही विचारत नसे. वस्तादांना आपली फिकीरच उरली नाही, असे शिष्याला वाटू लागले आणि त्याचे मन कडू झाले.

घट बसले. दसरा उंबरठ्यावर येऊन ठेपला. त्या सकाळी पवन मैदानाच्या तोंडाशीच थांबला, तेव्हा शिष्याचा धीर सुटला. तो खाली उतरला, तरातरा घरात गेला आणि त्याने खुंटीवरचा चाबूक काढला.

वृद्धाने ते पाहिले. तो रागावला नाही. त्याने पेटी उघडून घुंगरांचे दोन पट्टे काढले आणि खाली बसून ते शिष्याच्या घोट्यांना बांधले.

"वस्ताद, मी काय तमाशात उभा राहणार आहे?" शिष्याचा चेहरा लाल झाला.

"चाबूक राहू दे. बस त्याच्यावर आणि रोजच्यासारखा फिरव," वृद्ध म्हणाला आणि बाजेवर बसून त्याने डोळे मिटले.

शिष्य चडफडत स्वार झाला. त्याने टाच मारली, घुंगरू छमकले. पवनने पाऊल टाकले, तरी घुंगरू वाजतच होते. दुसरे पाऊल टाकले, तिसरे टाकले. छम, छम, छम, आवाजाला खंड नाही. घोडा थांबला तेव्हाही आवाज तसाच चालू. शिष्याने चमकून खाली पाहिले. त्याचे ओठ मिटलेले होते, पण टाचा क्षणभरही गप्प बसत नव्हत्या. इतके दिवस त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

वृद्धाने डोळे उघडले. "ऐकलंस? तो थांबला की तू टोचतोस, हे ठीक. पण तो चालला तरीही टोचतोस. मग चालून त्याला काय मिळालं? बिचाऱ्यानं पहिल्या दिवशी ऐकून पाहिलं, दुसऱ्या दिवशी ऐकून पाहिलं. तुझ्या टाचांची बोलणी संपेचनात, तेव्हा त्यानं ऐकणंच सोडून दिलं. बाळा, हा आळशी नाही, कंटाळलाय. एकदा सांग. त्यानं पाऊल उचललं की तुझे पाय निवांत सोड. ते सुख त्याला कळू दे."

शिष्याने एकदाच टाच लावली आणि पाय सैल सोडले. बराच वेळ काही घडले नाही. त्याच्या टाचा शिवशिवत होत्या, पण त्याने त्या आवरल्या. मग पवनचा एक कान मागे वळला. त्याने एक पाऊल टाकले. घुंगरू गप्प. त्याने दुसरे टाकले, तरी गप्प. मग तो संथपणे मैदानाच्या मध्यापर्यंत गेला.

"उतर," वृद्ध म्हणाला. "खोगीर काढ आणि हरभरा घाल त्याला. आज पुष्कळ झालं."

उरलेले दिवस शिष्य घुंगरू बांधूनच त्याला फिरवत राहिला. दसऱ्याच्या सकाळी पवन न्हाऊन, झेंडूची माळ घालून उभा राहिला. व्यापाऱ्याच्या डोळ्यांदेखत शिष्याने त्याला मैदानाभोवती न थांबता फिरवून आणले.

"वस्ताद, या पोराच्या पायात घुंगरू बांधलेत खरे, पण ते वाजत का नाहीत?" व्यापाऱ्याने विचारले.

"म्हणूनच तो चालतोय," वृद्ध हसून म्हणाला. मग खाली वाकून त्याने शिष्याच्या पायांतले पट्टे सोडले आणि व्यापाऱ्याच्या जरीच्या जोड्यांवर बांधले. व्यापारी आधी गोंधळला. वृद्धाने दोन शब्दांत समजावल्यावर मात्र तो खळखळून हसला आणि स्वार झाला.

वेशीकडे जाणाऱ्या वाटेवर घुंगरू एकदा वाजले. शिष्य श्वास रोखून ऐकत राहिला. टापांचा आवाज दूर दूर गेला. घुंगरू पुन्हा वाजले नाहीत. भट्टी टळली होती. त्याला हलके वाटले. तो बाजेवर टेकला आणि त्याचे डोळे भरून आले.

मग त्याच्या मनात आले, इतक्या दिवसांत वस्तादांनी आपल्याला एकदाही 'झालं का?' म्हणून विचारले नव्हते. ज्याला आपण बेफिकिरी समजलो, तो त्यांचा विश्वास होता. तो उठला आणि वृद्धाच्या पाया पडला.

मुलाने पुस्तक उघडल्यावरही 'अभ्यास कर, अभ्यास कर' म्हणत राहणाऱ्या आपण सर्वांनी, एखादा दिवस तरी, आपल्या टाचेला घुंगरू बांधून पाहावे.