तड तड रानमोहरी

काना-मात्रा चुकला असेल, तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत, मुंगीएवढे. गोष्ट मात्र अशी.

गव्हाचं शेत. शेताला बांध. बांधावर रानमोहरी. तिथं मुंगीला मिळाला एक दाणा. काळा काळा, गोल गोल.

घरी धाकटी बहीण उपाशी. मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

वाटेत होती भेग. दाणा सटकला. टुप! गेला खाली.

मुंगी गेली रानमोहरीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"मोहरीताई, मोहरीताई, एक दाणा दे."
"शेंग मिटलीये गं बाई. ऊन तापलं, तर फुटेल."

मुंगी गेली उन्हाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"ऊनदादा, ऊनदादा, तापतोस का? ऊन तापेना, शेंग फुटेना, बहीण माझी उपाशी."
"ढग बसलाय माझ्या तोंडावर. तो हलला, तर तापेन."

मुंगी चढली गव्हाच्या लोंबीवर. तुरुतुरु तुरुतुरु.
"ढगोबा, ढगोबा, हलतोस का? ढग हलेना, ऊन तापेना, शेंग फुटेना, बहीण माझी उपाशी."
"मी किती जाडा. वाऱ्यानं ढकललं, तर हलेन."

वारा लोळत होता बोरीखाली. मुंगी गेली. तुरुतुरु तुरुतुरु.
"वारेमामा, वारेमामा, ढकलतोस का? वारा ढकलेना, ढग हलेना, ऊन तापेना, शेंग फुटेना, बहीण माझी उपाशी."
"उगाच कोण उठतंय? गोदूनं भिरभिरं धरलं, तर येईन."

गोदू बांधावर बसली होती. गाल फुगवून. भिरभिरं मांडीखाली. आई पलीकडे खुरपत होती. मुंगी गेली. तुरुतुरु तुरुतुरु.
"गोदूबाई, गोदूबाई, भिरभिरं धरतेस का? गोदू धरेना, वारा ढकलेना, ढग हलेना, ऊन तापेना, शेंग फुटेना, बहीण माझी उपाशी."
"नाही जा. मी रुसलेय. कोणी हसवलं, तरच धरेन."

आता कोणाकडे जायचं? मुंगीनं इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. कोणीच उरलं नव्हतं.

समोर होता गोदूचा पाय.

मुंगी चढली. तुरुतुरु तुरुतुरु. थेट तळव्यावर. गुदुगुदु गुदुगुदु.

गोदू हसली, खी खी खी.
भिरभिरं धरलं, भिर्र भिर्र.
वारा आला, सूं सूं.
ढग हलला, सर्र सर्र.
ऊन तापलं, चर्र चर्र.
शेंग फुटली, तड तड तड तड!

आई खुरपं टाकून उठली. "अगं बाई, इथं रानात फोडणी कोण घालतंय?"

गोदू म्हणाली, "मुंगीची आई."

दाणेच दाणे बांधभर. मुंगीनं एक उचलला. भेगेला घातला वळसा. घर आलं. बहीण जेवली. कुटुर कुटुर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंगी भेगेपाशी गेली. आत डोकावली. पहिला दाणा तिथंच होता. तिनं वरून मातीचा एक कण ढकलला. मग आणखी एक. आणि हळूच म्हणाली,

"झोप हं. उठलास, की हाक मार."