यमपुरीतलं ताट

करमणूक बागेतल्या त्या भोजनगृहाचं नाव होतं यमपुरी. आत लालसर अंधार, पायाशी धूर, आणि वाढपी सगळे चेहरे पांढरेफटक रंगवलेले. दाराशी एक जाड वही होती. तीत प्रत्येक पाहुण्याचं नाव लिहीत. वैजयंती लोंढेंच्या नावापुढे शाईने लिहिलेलं होतं, 'आयुष्य ९३ वर्षे.' बाई गालात हसल्या.

जेवणाचे पैसे आगाऊ भरून कूपन घेतलेलं, आणि घरचा डबा फाटकावरच काढून घेतलेला. शेंगदाणा पोटात गेला की बाईंचा घसा बंद होई. तसं सांगताच यमराजाच्या वेशातल्या मॅनेजरने थाटात साबुदाण्याची खिचडी मागवली. "पथ्य आहे ना? मग उपवासाचं खा!"

"अहो, यात दाण्याचं कूट आहे!"

"चिमूटभर कुटाने कोणी मरत नाही. कूपनावर ताट बदलून मिळत नसतं!" तो माइकवरून गरजला. सगळे जेवायचे थांबले.

बाईंनी दारातली वही आणून त्याच्यासमोर उघडली. "यमराज, इथे माझी त्र्याण्णव लिहिलीत. मी आहे एकसष्टची. ही खिचडी खाल्ली तर तुमची वही खोटी ठरेल. बोला, वही बदलता की ताट?"

हशा पिकला. मुकाट्याने नवं ताट आलं, वाफाळता वरणभात आणि लिंबाची फोड.

बाई निघाल्या तेव्हा मॅनेजर जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, वहीत आम्ही फक्त नावं लिहितो. आयुष्य कोणीच लिहीत नाही."

"मग तुमचंही आयुष्य लिहिलंय का, बघून घ्या," म्हणत बाई बाहेर उन्हात गेल्या.

त्याने वहीकडे हात नेला, आणि तसाच मागे घेतला.