नंबराचा माळ

निंबूरच्या वेशीबाहेरच्या माळावर काळ्या दगडांच्या रांगा पडल्या आहेत आणि प्रत्येक दगडावर चुन्याने आकडा काढलेला आहे. पाहुण्यांना वाटते, कुणी जमीन मोजायला घेतली असावी. मग तात्या शेंडगे त्यांना बाभळीच्या सावलीला बसवून सांगतात की, हे काळंबाईचे देऊळ आहे. उभे नाही, एवढेच.

असे सांगतात की, देऊळ कलले तेव्हा जुन्या वास्तूंच्या जतनासाठीचे सरकारी अनुदान त्याला मंजूर झाले. गावाने हलगी लावून साहेबांना मिरवले. साहेबांनी रीत समजावली: दगडांवर नंबर घालायचे, देऊळ उतरवायचे, पाया भरायचा आणि नंबराबरहुकूम पुन्हा चढवायचे. पहिल्या हप्त्यात देऊळ उतरले. दुसरा हप्ता आलाच नाही. साहेबांची बदली झाली, नकाशे कुठे गेले ते काळंबाईलाच ठाऊक. तिच्या डोक्यावर तेवढा पत्रा आला. कचेरीत विचारावे तर उत्तर एकच, "तुमचा नंबर लागेल."

देवीचा गुरव रखमाजी. त्याने भंडारा उचलला की, देऊळ चढेपर्यंत पायात वहाण घालणार नाही आणि एकही दगड हलू देणार नाही. एका पठ्ठ्याने उंबऱ्याचा दगड गोठ्याला नेला, तर म्हशीने म्हणे पान्हाच चोरला. मुकाट्याने परत आणून ठेवला. पण पावसाला कोण धाक घालणार? रंग धुऊन जाऊ लागला. म्हणून दर साली मृगाच्या आधी रखमाजी चुना कालवून पुसट आकडे गिरवत बसे. गाव हसे, येत कुणी नसे. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तरी तो बोटाने चाचपून गिरवतच राहिला.

आणि एके साली नंबर खरोखर लागला. नवे साहेब आले, पाथरवट आले. रखमाजी आंघोळ करून, धुतले धोतर नेसून माळावर उभा राहिला. पाथरवटाने दगड जुळवून पाहिले आणि हात झटकून तो उठला.

"बाबा, हितं समदी एकंच एकं हायती. नऊ कुटं गेलं?"

नवाचे वळण पावसाने आधी धुतले जाते. उरते ते एकासारखे दिसते. म्हातारा इतकी वर्षे नवाचा एक करून गिरवत आला होता.

साहेब भले होते म्हणतात. पण त्यांचाही इलाज चालेना. आकडे चुकल्यावर चढेल ते देऊळ नवेच, आणि अनुदान जुने जपायला होते, नवे बांधायला नव्हते. ते आले तसे परत गेले.

ज्याने एक दगड हलू दिला नाही, त्याच्याच हाताने सारे देऊळ मोडले होते. रखमाजी पत्र्याखाली देवीजवळ जाऊन बसला. गावाला वाटले, या चुन्यातून सुटला एकदाचा बिचारा. पण मृग जवळ आला आणि म्हाताऱ्याने पुन्हा चुना कालवला.

"आता कशापायी, रखमाजीआबा?" कुणीतरी विचारले.

"आकडा पुसला, तर नुसती धोंडं ऱ्हातील," तो म्हणाला.

त्या साली पहिल्यांदा गाव त्याच्या मदतीला आले. देऊळ होणार नाही हे कळल्यावर आले. रखमाजी पुढे वारला, तोही अनवाणीच.

आजही मृगाच्या आधी निंबूरचे घर न घर आपापल्या दगडावर चुना घेऊन येते. आकडे चुकलेले आहेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नव्या सुनेच्या हाती चुन्याची काडी देतात, तेव्हा ती हमखास विचारते, देऊळ कधी चढायचं?

सासू दगडावरची धूळ पदराने पुसते आणि म्हणते, "नवाचं वळण नीट काढ, बाय."