विहिरीचा रविवार

फार वर्षांपूर्वी वसईत पास्कोल नावाच्या ख्रिस्ती बागाईतदाराची केळीची वाडी होती. वाडीतल्या विहिरीवरचा रहाट तांबू बैल ओढायचा. रविवारी मात्र तांबूला सुट्टी असायची आणि पास्कोल चर्चला जायचा.

एका उन्हाळ्यात केळी सुकू लागल्या, तसा पास्कोल रविवारीही रहाट चालवू लागला. तिसऱ्या रविवारी रहाटाच्या गाडग्यांतून नुसता गाळ वर आला.

विहीर बैलाला म्हणाली, "सहा दिवस मी देते. सातव्या दिवशी झरे मला भरतात. तेवढा दिवस मला हवा."

"मी थांबलो तर मालक मारेल," तांबू म्हणाला.

"तरी बसून बघ."

तांबू वाटेतच बसला. पास्कोलने चाबूक उगारला. पण रहाटाची करकर थांबली होती, आणि तळाशी झिरपणारं पाणी त्याला ऐकू आलं. त्याचा हात तसाच राहिला.

त्याची बायको जासिंता म्हणाली, "देवानंही सातव्या दिवशी विसावा घेतला. आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त कामं आहेत का?"

पास्कोलला हसू आलं. त्याने जू सोडलं आणि दोघं चर्चला गेली.

सोमवारी गाडगी काठोकाठ भरून आली. पाटातल्या नितळ पाण्यात पास्कोल अनवाणी नाचला.