'जुळव'चं बारसं

ज्ञानतेज सरांनी फर्मान काढलं: 'जुळव' हे नाव उद्यापासून बंद!

हे सर म्हणजे 'गोफण' नावाच्या संगणकभाषेचे कर्तेधर्ते. भाषा फुकट आणि सगळ्यांना खुली. कुणीही वापरावी, कुणीही सुधारावी. सुधारणा सरांना आवडली पाहिजे, एवढीच काय ती अट! या भाषेत प्रोग्रामची परीक्षा घेणारी काही साधनं होती. त्यातलं 'जुळव' सगळ्यांच्या हातातलं. हवं ते उत्तर आणि आलेलं उत्तर जुळतं का, ते सांगायचं. हजारो लोकांनी ते आपापल्या प्रोग्रामांत लिहून ठेवलेलं.

सरांना मात्र ते नाव गावंढळ वाटलं. त्यांनी नवं काढलं, 'समतुल्यतापडताळणी'. टाइप करेपर्यंत चहा गार होईल. पण भारदस्तपणा हवा तर एवढं सोसायलाच हवं!

मिरजेला सरांच्या घरी मदतनीसांची बैठक भरली.

"नाव बदला," सर गरजले, "पण कुणाचाही जुना प्रोग्राम अडता कामा नये! आणि कुणाला त्यातलं एक अक्षरही बदलायला सांगायचं नाही!"

"सर, जुनं नाव काढलं की प्रोग्राम अडणारच..." एक जण पुटपुटला.

"मग तू घरी जा!"

तो गेला. उरलेल्यांना सरांचं म्हणणं एकाएकी पटलं.

आफ्रीन मुलाणी तेवढी बोलली. इचलकरंजीच्या मागवाल्याची ही मुलगी फावल्या वेळात 'गोफण'मधल्या चुका दुरुस्त करायची.

"नवं नाव देऊ, सर. पण जुन्या नावानं हाक मारली तरी त्यानं ओ द्यावी."

"एकाला दोन नावं? छे! जेवणाआधी दुसरा उपाय सांग, नाहीतर तूही घरी!"

आफ्रीन पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. तिथे सरांच्या आई, पारूबाई, ताट वाढून बसल्या होत्या.

"आमच्या धोंडूला जेवायची शुद्ध आहे का बघ!"

"धोंडू कोण, आजी?"

"तुझे सर गं! मोठा झाल्यावर नाव बदललं त्यानं."

"मग हाक मारा की, आजी. मोठ्यानं!"

आफ्रीन घाईनं बैठकीत परतली.

"सर, पुन्हा एकदा सांगा. नाव बदललं, की जुन्या हाकेला..."

"ओ द्यायची नाही! त्रिवार नाही!"

"धोंडूऽऽ! भाकरी गार झाली रे!"

"ओ! आलो गं आई!" सर ताडकन उठले.



"बघा सर," आफ्रीन म्हणाली, "तुमचं नाव बदललं. आजींना एक अक्षर बदलावं लागलं नाही. आणि जेवण कुठे अडलं?"

सर आधी लाल झाले, मग पोट धरधरून हसले.

"हरलो बाई! राहू देत दोन्ही नावं! आजपासून परीक्षेची सगळी साधनं तुझ्या ताब्यात. नावं ठेवायचा अधिकारही तुझाच!"

"नावं तर इथे सगळेच ठेवतात, सर," आफ्रीन म्हणाली, "अधिकारानं ठेवणारी मी पहिलीच!"